गॅस – १ नग

मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं, पण त्यासाठी मार्च २०२३ ते जून २०२४ असे पंधरा महिने आणि पस्तीस हजारांच्या वर रुपये गेले. आपल्या ओळखीत निम्म्या लोकांच्या गाडीत ‘दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतो’ हे ऐकते, म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

गाडी सात सीटर, डिझेल, २०१७ चं मॉडेल. २०२१ च्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं, आणि सातव्या सीटवर नणंद नाहीतर अक्कलकोटला निघालेलं शेजारचं कुणीतरी. मागच्या लोकांसाठी छतात वेगळ्या एसीच्या जाळ्या आहेत. ही जाळी लक्षात ठेवा, पुढे तिचंच सगळं रामायण आहे.

२०२३ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २२ मार्चला, तुळजापूरला जाऊन येताना मागून पहिली तक्रार आली. मोठा म्हणाला, “मागं नुसता वारा येतोय.” मुलं म्हणतातच असं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. दोन दिवसांनी पुढेही तेच. २५ तारखेला नवरा घराजवळच्या गॅरेजात घेऊन गेला, पाऊण तासात परत आला. “गॅस संपला होता, भरला.” १,८०० रुपये. गाडी गारेगार. जूनमध्ये पाऊस आला, मग थंडी आली, एसीची आठवण कुणाला राहिली नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा तेच. या वेळी दुसरं गॅरेज, १६ मार्चला २,२०० रुपये, कारण यांनी ‘ऑइल पण टाकलं’. हा गॅस तीन आठवडे टिकला. ९ एप्रिलला पाडव्याच्या दिवशी सासूबाई गाडीत बसल्या, पदरानं वारा घेत म्हणाल्या, “तुमच्या या एसीपेक्षा आमची एसटी बरी होती गं, निदान खिडकी मोठी होती.”

आता मात्र स्वस्तातलं नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच देऊ, असं ठरलं. कंपनीचं आणि सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. १२ एप्रिलला शुक्रवारी गाडी दिली. जॉबकार्डवर तक्रारीच्या रकान्यात अ‍ॅडव्हायजरनं लिहिलं, ‘एसी कूलिंग कमी’. मीही सही करून मोकळी झाले. इथे माझी पहिली चूक झाली. तिथे लिहायला हवं होतं की ‘गॅस वारंवार कमी होतो, वर्षात दोनदा भरला, गळती शोधून द्यावी’. जॉबकार्डवर जेवढं लिहिलं असतं तेवढंच काम होतं, आणि पुढे भांडण झालं तर तोच कागद बोलतो. आमच्याकडे पार्टीनं ऑर्डरीत ‘टॉवेल’ एवढंच लिहून दिलं तर आम्ही कुठला जीएसएम, म्हणजे किती वजनाचं कापड, द्यायचं? पण स्वतःच्या गाडीच्या वेळी हे सुचलं नाही.

शनिवारी फोन आला, कंडेन्सर लीक आहे, बदलावा लागेल. कंडेन्सर म्हणजे गरम झालेला गॅस वाऱ्यावर थंड करणारा भाग, पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असतो तो. आम्ही हो म्हणालो. मंगळवारी, १६ एप्रिलला, गाडी मिळाली. कंडेन्सर, ड्रायर (आतली ओल शोषून घेणारी डबी), गॅस, मजुरी, त्यावर जीएसटी (तेव्हा पार्टवर २८ टक्के, मजुरीवर १८) असं सगळं मिळून १७,३४० रुपये. बिलासोबत मशीनची छोटी पट्टी होती, तिच्यावर ‘लीक टेस्ट – पास’. जुना कंडेन्सर मागून घ्यायचा राहिला. तो खरंच फुटका होता की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि हीच गोष्ट मनाला जास्त लागते. काम सांगतानाच ‘जुना पार्ट परत हवा’ असं जॉबकार्डवर लिहून घ्यायचं, नंतर मागितला तर तो भंगारात गेलेला असतो.

७ मेला आपल्याकडे मतदान होतं. तेव्हा एसी उत्तम चालला होता. रांगेत उभं राहून घामाघूम झालेले सासरे गाडीत बसून म्हणाले, “वसूल झाले बघ पैसे.”

१६ मेला गुरुवारी सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला पुण्याला न्यायचं होतं. पहाटे पाचला निघालो. जाताना ऊनच नव्हतं, त्यामुळे कळलं नाही. परतीला दुपारी दोनच्या सुमारास भिगवण सोडलं आणि जाळीतून येणारी हवा आधी कोमट, मग सरळ गरम झाली. इंदापूरला चहाला थांबलो तेव्हा बॉनेटजवळ उभं राहिलं की टक्, थोडा वेळ गप्प, पुन्हा टक् असा आवाज येत होता. कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा, क्लच लागत होता आणि सुटत होता. गॅस कमी पडला की आतला प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला थांबवतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त टक्-टक् ऐकू येत होतं.

पुढचे शंभरावर किलोमीटर कसे काढले ते सांगते, कारण कुणाला उपयोगी पडेल. डिकीत कारखान्याचे सेकंडचे, म्हणजे दोष निघालेले, चार नॅपकिन होते. ते ओले करून दोन्हीकडच्या मागच्या काचा वर करताना त्यांत अडकवले. पुढच्या काचा चार बोटं उघड्या. सासूबाईंच्या डोळ्यांत ड्रॉप घातलेले, त्यांना वारा नको, धूळ नको. गॉगलच्या वरून ओला पंचा गुंडाळून त्या मधल्या सीटवर बसल्या होत्या. टेंभुर्णीपर्यंत नॅपकिन कडक वाळले. पुन्हा ओले. मोहोळला पुन्हा. घरी आलो तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या फरशीवर आडव्या झाल्या. मला त्यांच्या न बोलण्याचा जास्त त्रास झाला.

त्या रात्री तिन्ही बिलं काढून टेबलावर ठेवली. रागानं काढली होती, पण सवयीनं वाचायला लागले. पहिलं बिल म्हणजे कच्ची चिठ्ठी: ‘गॅस’. दुसरं: ‘गॅस + ऑइल’. तिसरं, छापील, जीएसटीचं: ‘गॅस चार्ज – १ नग’.

एक नग! गॅस काय नगावर असतो? आमच्याकडे सूत येतं ते किलोत, टॉवेल जातात ते नगांत आणि किलोतही, आणि महिन्याच्या शेवटी आलेलं किती, गेलेलं किती, वेस्टेज किती याचा ताळा लागल्याशिवाय मालक कुणाला घरी सोडत नाहीत. इथे तीनदा माल भरला आणि एकदाही कुणी वजन लिहिलं नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावून खाली गेले, बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला एक स्टिकर असतं, तुमच्याही गाडीत असेल. त्यावर गॅसचं नाव, आर-१३४ए, आणि वजन. आमच्या गाडीला ८५० ग्रॅम. दोन एसीच्या गाडीला एका एसीच्या गाडीपेक्षा जास्त लागतो, म्हणून हा आकडा आपापल्या स्टिकरवरूनच घ्यायचा.

२० मेला सोमवारी सुट्टी टाकून सेंटरला मीच गेले. अ‍ॅडव्हायजरनं एसी लावला, जाळीपुढे हात धरला आणि म्हणाला, “मॅडम, कॉम्प्रेसर वीक झालाय.” एस्टिमेट ४१,८०० रुपये. मी विचारलं, आधीच्या कंडेन्सरचं काय? तो चांगला आहे, त्याला सहा महिन्यांची वॉरंटी आहे, पण गॅसला वॉरंटी नसते.

मी म्हटलं, “आता गाडीत गॅस किती आहे तो काढून मोजून दाखवा. ८५० पैकी किती उरलाय ते मला बघायचंय.”

तो थोडा गोंधळला. त्यांच्याकडे मशीन असतं, ते आतला गॅस ओढून घेतं आणि वजन दाखवतं. म्हणजे मोजायची सोय होती, पण मोजून घ्या असं कुणी म्हणत नसावं. अर्धा तास थांबले. पडद्यावर आकडा आला २९०.

सरळ हिशोब. १६ एप्रिलला ८५० भरला असं धरलं, २० मेला २९० निघाला. चौतीस दिवसांत ५६० ग्रॅम गेला. “थोडा तर जातोच मॅडम,” तो म्हणाला. थोडा जातो हे खरं आहे, रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात. पण पाव किलोच्या दोन पिशव्या महिन्यात जात नाहीत. कॉम्प्रेसर थकला तर गार होणार नाही, पण गॅस कमी होणार नाही. मग तो म्हणाला, डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल लीक असेल, डॅशबोर्ड खोलावा लागेल, दोन दिवस लागतील. एका तासात दुसरा पार्ट, आधीचा कंडेन्सर धरून तिसरा.

मी एकच केलं. ‘रिकव्हर केलेला गॅस २९० ग्रॅम’ हे जॉबकार्डवर तारखेसह लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. लिहायला तो राजी नव्हता, मॅनेजरकडे जावं लागलं, तिथे पाऊण तास बसले. तपासणीचे ५९० रुपये भरले आणि गॅसशिवायची गाडी घेऊन, चारही काचा खाली करून घरी आले. दुपारी एक वाजता, आसरा चौकातून. ओढणीचा बुरखा करून गाडी चालवणारी बाई बघून सिग्नलवर लोक वळून बघत होते.

२२ मेला सकाळी १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या प्रयत्नात लागला. त्यांनी विचारलं ते असं: कुणाविरुद्ध, बिलाची तारीख आणि रक्कम, तक्रार काय, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. या शेवटच्या प्रश्नाला मी अडखळले. राग सांगता येतो, मागणी आधी ठरवून ठेवावी लागते. मी म्हटलं, गळती न शोधता गॅस भरल्याचे आणि मजुरीचे पैसे परत हवेत. तक्रार क्रमांक मेसेजवर आला, मग बिलं आणि जॉबकार्डाचे फोटो जोडले. एक गोष्ट समजून घ्या, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, उत्तर मागतात, सक्ती करू शकत नाहीत. जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यामुळे घाई नव्हती. गाडीची मात्र होती, दहा जूनला पुन्हा पुणं होतं.

कारखान्यातल्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं पत्ता दिला. हैदराबाद रोडकडच्या एका बोळात फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करणारे एक चाचा. मी २४ मेला सव्वा एकला पोचले तर शटर खाली. शुक्रवार होता, नमाजची वेळ. शेजारच्या टपरीवाल्यानं स्टूल दिलं. ऊन बेचाळीसच्या पुढचं असावं. बोळात दोन्हीकडे यंत्रमाग, खटाक-खटाक-खटाक, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायचं.

अडीचला चाचा आले. सगळी कहाणी सांगितली, बिलं दाखवली. त्यांनी बिलांकडे पाहिलंच नाही. ‘लीक टेस्ट – पास’ची पट्टी तेवढी हातात घेतली आणि हसले.

“ताई, हे मशीन आतली हवा ओढून घेतंय आणि काटा हलतोय का बघतंय. पंक्चरवाला काय करतो? ट्यूबमधली हवा काढून पाण्यात बुडवतो का हवा भरून?”

“भरून.”

“मग? ओढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब लई तर पंधरा पीएसआय. गाडी चालू असताना आत दोन-अडीचशे असतो. पंधराला जे भोक गप्प बसतं ते दोनशेला बोलतं.”

त्यांनी मीटर लावलं, निळ्या आणि लाल नळीचं. निळी कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. गॅस नसल्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी सेंटरचं ‘कॉम्प्रेसर वीक’ सांगितल्यावर त्यांनी समजावलं ते लिहून घेतलं: एसी चालू असताना दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे कॉम्प्रेसर दाब देत नाही. त्या अ‍ॅडव्हायजरनं मीटर लावलंच नव्हतं, नुसता हात धरला होता.

मला आणखी एक शंका होती. आधीच्या गॅरेजवाल्यानं गाडी बंद असताना मीटर लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ म्हटलं होतं, ते कसं? चाचा म्हणाले, “तुमच्या घरचा सिलिंडर किती उरलाय ते कसं बघता?” उचलून. “का? अर्धा झाला तरी शेगडीची आच तशीच असते म्हणून.” हे ऐकून मी खरंच दोन मिनिटं गप्प बसले. बंद गाडीत आतला दाब बाहेरच्या उष्णतेवर ठरतो, आत थोडं जरी द्रव शिल्लक असेल तर तीनशे ग्रॅमला आणि साडेआठशेला काटा सारखाच. सिलिंडर आणणाऱ्या पोराला काटा लावून वजन दाखव म्हणणारी मी, गाडीच्या गॅसला कधी तराजू मागितला नव्हता.

मग नायट्रोजन. हवा भरण्याचा कॉम्प्रेसर वापरत नाहीत कारण त्या हवेत ओल असते, आणि एसीच्या नळीत पाणी गेलं की आतून खराबी सुरू होते. नायट्रोजन कोरडा. चाचांनी आधी एक शहाणपणाचं काम केलं, पुढचा आणि मागचा एसी वेगळे केले. मागे जाणाऱ्या दोन नळ्या सांध्यावर सोडवून तोंडाला बूच लावले. पुढच्या भागात दीडशे पीएसआय भरला, काट्यावर मार्करनं रेघ मारली आणि चहा मागवला. एक तास. काटा रेघेवरून हलला नाही. म्हणजे नवा कंडेन्सर, कॉम्प्रेसर, डॅशबोर्डमधली कॉइल, सगळं धडधाकट. डॅशबोर्ड खोलायचे पैसे त्या एका तासात वाचले.

मग मागचा भाग. दहा मिनिटांत काटा रेघेखाली.

गाडी जॅकवर घेतली, पोरगं फेसाचा ब्रश घेऊन खाली शिरलं. सांधे तपासले, काही नाही. फेस येत नव्हता आणि मागांच्या आवाजात कान लावून उपयोग नव्हता. चार वाजून गेले होते. मी टपरीवर जाऊन बसले होते. तेवढ्यात लाइट गेली.

एकदम सगळे माग थांबले. अशी शांतता त्या बोळात होते हेच मला नवीन होतं. चाचांनी हात वर केला, कुणी बोलू नका. डाव्या मागच्या चाकाकडून बारीक स्स्स असा आवाज येत होता, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा.

चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं. अ‍ॅल्युमिनियमची करंगळीएवढी नळी छताकडे चढते तिथे एक पत्र्याची क्लिप होती. क्लिपमधलं रबर कधीच गळून गेलं होतं आणि पत्रा नळीला घासत होता. त्या जागी ओंजळभर काळी, चिकट धूळ साठली होती. बाकी सगळी धूळ कोरडी, आपली नेहमीची सोलापुरी, ही मात्र तेलात मळल्यासारखी. चाचांनी बोटानं पुसून माझ्यासमोर धरली. “गॅस दिसत नाही. पण जाताना कॉम्प्रेसरचं थोडं तेल घेऊन जातो, आणि तेलाला धूळ धरते. ही धूळ चार महिन्यांची नाही, दोन वर्षांची आहे.” फेस लावल्यावर एकाच जागी मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. भोक सुईच्या टोकाएवढंही नव्हतं.

एका टॉर्चनं कुणीही ही तेलकट धूळ बघू शकतं. सांध्यांपाशी, क्लिपांपाशी, मागच्या चाकांच्या वर. पुढच्या वेळी गॅरेजला जायच्या आधी मी हेच करणार आहे.

तपासणीचे चाचांनी १,५०० घेतले. दोन पर्याय दिले: अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग नऊशे रुपयांत, पण त्या जागी नळी आधीच पातळ झालेली, त्याची हमी ते देणार नव्हते. किंवा नवी नळी. नळी मिळणार कुठे? त्याच सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर काउंटरला! २७ मेला तिथे गेले, आरसी दाखवून चॅसी नंबर दिला, ७,४८० पैकी निम्मे आगाऊ भरले. “पुण्याहून येईल, आठ-दहा दिवस.” रोज फोन करत राहिले. ५ जूनला आली. दुसऱ्या दिवशी चाचांनी बसवली. सगळ्या उघडलेल्या सांध्यांना नवे ओ-रिंग, ड्रायर नवा (सिस्टिम इतके दिवस उघडी राहिली की तो ओल शोषून निकामी होतो), पुन्हा नायट्रोजन, मग अर्ध्या तासाचं व्हॅक्यूम, आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ८५० ग्रॅम गॅस. मजुरीसकट ३,२००. माझ्यासाठी त्यांनी चिठ्ठीवर ‘८५० ग्राम’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. घरी येताना सात रस्त्याला पावसाचे टपोरे थेंब काचेवर पडले. मृगाच्या तोंडावर एसी दुरुस्त करून घेणारं आमचंच घर असेल.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी अडीचशे रुपयांचं एक डिजिटल थर्मामीटर घेतलं होतं, दांडीचं, मधल्या जाळीत खोचून ठेवायचं. हायवेला नऊ अंश. वा! आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं की बारा, पंधरा, एकोणीस. गाडी सुटली की पुन्हा खाली. थर्मामीटर नसतं तर मी ‘पुन्हा गॅस गेला’ म्हणून घाबरले असते. पण गॅस कमी असता तर पळताना नऊ कसे येतील? ८ जूनला चाचांकडे नुसतं हे आकडे सांगितले. त्यांनी एसी लावून गाडी उभी ठेवली, लाल काटा चढत गेला आणि एका जागी पोचून कॉम्प्रेसर सुटला. मग नळीनं पुढच्या जाळीवर पाणी मारलं, काटा झर्रकन खाली आला. कंडेन्सरला वारा मिळत नव्हता. पंख्याची कमी स्पीड लागतच नव्हती, त्याचा रेझिस्टर जळालेला. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की पंखाच लागतो. १,१५० रुपयांत ते झालं. दोन दुखणी एकावर एक होती म्हणून एवढा घोळ झाला. एक बरं केलं तरी दुसरं उरायचं, आणि आम्हाला वाटायचं काहीच बरं झालं नाही.

१० जूनचं पुणं गारव्यात झालं. सासूबाई सबंध रस्ता झोपल्या.

हेल्पलाइनच्या तक्रारीचं काय झालं? ३ जूनला कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला, नम्र आवाज, “गाडी पुन्हा आणा, आम्ही मोफत तपासू.” मी म्हटलं, तपासून झालीय. चाचांची चिठ्ठी, घासलेल्या नळीचे फोटो आणि २९० ग्रॅमचं जॉबकार्ड ईमेल केलं. त्या जॉबकार्डावर त्यांच्याच माणसाची सही होती, त्यामुळे वाद फार झाला नाही. दोन ईमेल, तीन फोन. एप्रिलच्या बिलातली मजुरी आणि गॅस, जीएसटीसकट ३,९५० रुपये २८ जूनला खात्यात आले. कंडेन्सरचे पैसे मिळाले नाहीत, आणि जुना पार्ट हातात नसल्यामुळे मलाही जोर धरता आला नाही. आयोगात जायचं का यावर घरी एक संध्याकाळ चर्चा झाली. सासरे म्हणाले जा, नवरा म्हणाला पुरे. मी दमले होते, नाही गेले.

सगळा खर्च ३५,२६०, परत आले ते वजा जाता ३१,३१०. सरळ चाचांकडे गेले असते तर १३,३३० मध्ये सुटले असते. हे मी तिनदा बेरीज करून बघितलंय, बदलत नाही.

२०२५ चा उन्हाळा लागल्यावर गार तर व्यवस्थित होतं होतं, पण मला ताळा लावायचा होता. ५ एप्रिल २०२५ ला शनिवारी मुद्दाम मशीन असलेल्या एका वेगळ्या ठिकाणी गेले आणि फक्त गॅस काढून मोजून द्या म्हटलं. तिथल्या मुलाला वाटलं मी कुठली तरी इन्स्पेक्टर आहे. आकडा आला ८१५. दहा महिन्यांत पस्तीस ग्रॅम. त्यानं परत ८५० भरला, वरच्या पस्तिसाचे किरकोळ पैसे लावले आणि बिल पुढे केलं. मी वाचलं. ‘गॅस चार्ज – १ नग’.

बिल परत त्याच्याकडे सरकवलं. “नग नाही दादा, ग्रॅम लिहा. काढला किती, भरला किती, दोन्ही.”

त्यानं मालकाकडे पाहिलं. मालकानं मान हलवल्यावर पेननं खोडून लिहिलं.